आधी पाणी, मग आमिष, शेवटी रॉड : बास माशासाठी ऋतूप्रमाणे काय बदलायचं?

टेक्सस, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, न्यू जर्सी, जिथे जिथे मराठी कुटुंबं स्थिरावली आहेत, तिथे घराजवळ एखादं तळं किंवा धरणाचा जलाशय असतोच. ह्यूस्टन-डॅलसकडच्या नव्या वसाहतींत तर घरांच्या मधोमध तळं खोदलेलं असतं. थंडी सरली की काठावर माणसं दिसू लागतात, मुलं ‘आपणही फिशिंगला जाऊ या’ म्हणून मागे लागतात आणि आईबाप दुकान गाठतात. तिथे भिंतभर रॉड उभे. शेजारच्या रांगांमध्ये नकली मासे, बेडूक, रबरी गांडुळं, चकाकणारी पाती. कोकणात बांबूची काठी, तंगूस, गळ आणि गांडूळ एवढ्यावर गरवायला शिकलेला माणूस या भिंतीसमोर गोंधळतो. विक्रेता विचारतो, ‘कुठला मासा?’ आपण म्हणतो, ‘बास.’ त्यावर तो डझनभर रॉड दाखवतो, आणि सगळे बासचेच असतात.

एकाच माशासाठी इतके रॉड कशाला? याचं उत्तर माशाच्या वजनात शोधलं तर सापडत नाही. पाणी किती गार किंवा गरम आहे, यावरून मासा कुठे असेल आणि किती चपळ असेल ते कळतं. त्यावरून ठरतं आमिष. त्या आमिषाला कसला गळ आहे, यावरून ठरतो रॉड. हाच क्रम धरून ठेवला की दुकानातली भिंत आपोआप छोटी होते. पुढचं सगळं लिखाण या एका साखळीभोवती आहे.

बास म्हणजे नेमका कोण?

इथे बोलतोय ते लार्जमाउथ बासबद्दल. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा आणि इतकं मोठं तोंड की मिटल्यावर जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. हा गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला मासा आहे. आपल्या खाडीतल्या जिताड्यालाही इंग्रजीत ‘सी बास’ म्हणतात, पण दोघांचं कूळ वेगळं. लार्जमाउथ मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला. आता तो अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे सोडलेला आहे.

नेहमी गळाला लागणारा बास एक ते तीन पौंडांचा असतो. जागतिक विक्रम आहे २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या जरा वर. तो १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी जॉर्जियात केला, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली.

आपल्याला कामाची गोष्ट ही की मासा थंड रक्ताचा असतो. त्याच्या शरीराचं तापमान म्हणजे भोवतालच्या पाण्याचं तापमान. पाणी गार झालं की पचन मंदावतं, भूक कमी होते, पाठलाग करायची ताकद राहत नाही. पाणी उबदार झालं की हे सगळं उलटं होतं. दुसरी गोष्ट, बास दबा धरून बसणारा शिकारी आहे. पडलेलं झाड, लाकडी धक्क्याखालची सावली, पाणगवताची कड, तळाचा उंचवटा, अशा कशाच्या तरी आडोशाला तो असतो. नुसत्या उघड्या पाण्यात आमिष फेकत बसणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा काही लागत नाही.

अमेरिकेत तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतात, म्हणून मीही तेच वापरतो. ५० म्हणजे १० सेल्सियस, ६० म्हणजे साडेपंधरा, ७० म्हणजे २१.

रॉडवरची बारीक अक्षरं

मुठीच्या जरा वर प्रत्येक रॉडवर एक ओळ छापलेली असते. लांबी ७ फूट, मग ‘मीडियम हेवी’, मग ‘फास्ट’, मग दोरी १२ ते २० पौंड (किती ओढीला ती तुटते, ते) आणि शेवटी आमिषाचं वजन पाव ते एक औंस. दुकानातली बाकी सगळी जाहिरात बाजूला ठेवून ही ओळ वाचावी.

‘मीडियम हेवी’ म्हणजे पॉवर. रॉड वाकवायला किती जोर लागतो, त्याचं माप. लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी असा हा चढता क्रम आहे.

‘फास्ट’ म्हणजे ॲक्शन. रॉड कुठून वाकतो, त्याचं माप. फास्ट रॉडचं फक्त टोकाकडचं अंग वाकतं आणि खालचा दांडा ताठ राहतो. मॉडरेट रॉड जवळजवळ मध्यापासून कमानीसारखा वळतो. नवखी माणसं नेहमी या दोहोंची गल्लत करतात. पॉवर जास्त म्हणून ॲक्शन फास्टच असेल असं काही नाही. हेवी पण मॉडरेट असा रॉडही असतो. विक्रेत्याला विनंती करून कड्यांतून दोरी ओवा आणि एकानं मूठ धरून दुसऱ्यानं दोरी हळूच ओढा. फास्ट आणि मॉडरेटमधला फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

रॉड बहुतेक ग्राफाइटचे असतात. हलके आणि ताठ असल्यामुळे तळाचा दगड, गवताची काडी, माशाचं नुसतं तोंड लावणं हे सगळं त्यांतून हाताला कळतं. फायबरग्लासचे रॉड जड आणि सुस्त, पण वाकण्यात मऊ. सुस्तपणा हा दोष वाटतो खरा; काही आमिषांना मात्र नेमका तोच हवा असतो.

गळ बारीक की जाड?

नकली आमिषाला सगळे ‘ल्यूर’ म्हणतात. ल्यूर हजार प्रकारचे असले तरी रॉड निवडताना एकच गोष्ट बघायची, त्याला लावलेला गळ.

एक जात आहे तीन काट्यांच्या गळाची. कडक प्लास्टिकचे किंवा लाकडाचे मासे असतात, त्यांच्या पोटाखाली असे दोन किंवा तीन गळ लोंबतात. काटे बारीक तारेचे आणि अतिशय धारदार. दुसरी जात एकेरी, जाड तारेच्या गळाची. तो बहुतेक वेळा रबरी गांडुळाच्या आत टोक लपवून बसवतात, म्हणजे झाडाच्या फांदीत किंवा गवतात अडकत नाही.

गोधडी शिवणाऱ्यांना सुई आणि दाभण यांतला फरक सांगावा लागत नाही. सुई बोटाच्या नुसत्या दाबानं जाते, आणि जोर केला तर कापड फाटतं. दाभणाला मात्र तळहाताचा रेटा द्यावाच लागतो. तीन काट्यांचा बारीक गळ म्हणजे सुई. मासा ल्यूर घेऊन वळला की त्याच्याच ओढीनं तो रुततो. अशा वेळी ताठ रॉडनं हिसका दिला, तर काटा तोंडाच्या पातळ कातडीतून फाडून बाहेर येतो, किंवा मासा ल्यूर नीट तोंडात घ्यायच्या आत आपणच ते ओढून घेतो. म्हणून तिथे मध्यापासून वाकणारा मॉडरेट रॉड. मासा उडी मारतो, डोकं झटकतो, तेव्हा रॉड वाकून ते धक्के पोटात घेतो आणि दोरी ढिली पडू देत नाही. एकेरी जाड गळ म्हणजे दाभण. त्याला आधी रबर फाडून बाहेर यायचं असतं, मग जबड्याच्या हाडात घुसायचं असतं. तिथे मऊ रॉड लावला तर सगळा जोर रॉड वाकण्यातच जातो आणि गळ रुतत नाही. त्याला फास्ट, मीडियम हेवी किंवा हेवी रॉडच लागतो.

रॉड निवडण्याचं नव्वद टक्के शास्त्र माझ्या मते एवढंच आहे. आता कुठल्या ऋतूत कुठला गळ हातात येतो, ते बघू.

वसंत: थंडीतून अंड्यांपर्यंत

बासच्या वर्षातला हा सगळ्यात गजबजलेला काळ, आणि एकाच ऋतूत तीन वेगळे टप्पे असल्यामुळे सगळ्यात फसवा.

पाणी ५० च्या आसपास येऊन वर चढू लागलं की मासे खोल जागा सोडून काठालगतच्या उथळ कोपऱ्यांकडे सरकायला लागतात. अजून अंडी घालायची वेळ नसते, पण त्यासाठी अंगात ताकद भरायची असते, म्हणून ते सडकून खातात. उत्तरेच्या काठांवर दक्षिणेकडून ऊन जास्त पडतं आणि थंड उत्तरी वाराही लागत नाही, त्यामुळे ते पाणी आधी तापतं. सुरुवात तिथून करावी. याच सुमारास क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली नांग्यांची कोळंबी, बिळांतून बाहेर पडते. म्हणून टेक्ससमध्ये फेब्रुवारी-मार्चला तांबड्या रंगाच्या ‘लिपलेस क्रँकबेट’ची चलती असते. हा चपटा नकली मासा आहे, पोटात खुळखुळणाऱ्या गोळ्या आणि खाली तीन काट्यांचे दोन गळ. तो पाण्याखालच्या गवताच्या शेंड्यांवरून ओढत आणायचा. मधेच तो गवतात रुततो. तेव्हा हिसडा देऊन सोडवायचा, आणि सुटून पुढे झेपावतो त्याच क्षणी बहुतेक मासे त्यावर तुटून पडतात. ताठ रॉडनं सोडवला तर ल्यूर बंदुकीतून सुटल्यासारखं लांब जातं आणि माशाला ते सापडतच नाही. सात फुटी, मीडियम हेवी पण मॉडरेट रॉड इथे हवा तो याचसाठी.

पाणी ६० च्या पुढे स्थिरावलं की अंडी घालण्याचा टप्पा येतो. नर काठालगतच्या दोन-चार फूट पाण्यात, कडक तळावर, शेपटीनं गाळ झाडून ताटाएवढी किंवा त्याहून मोठी जागा साफ करतो. मादी येते, अंडी घालते, निघून जाते. अंडी आणि मग पिल्लं राखत नर तिथेच थांबतो. या काळात मासा पाठलाग करत नाही, पण डोळ्यांसमोर हळू उतरणारी वस्तू सोडतही नाही. वजन न लावलेलं बोटभर-दीड बोट लांबीचं रबरी गांडूळ, मधोमध गळ टोचलेलं, सोडून द्यायचं. ते दोन्ही टोकं थरथरवत खाली जातं. ते इतकं हलकं असतं की जाड रॉडनं फेकताच येत नाही. इथे सात फुटी मीडियम पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा स्पिनिंग रॉड, म्हणजे ज्याचं रीळ दांड्याच्या खाली लोंबतं तो. गळ एकेरी आहे, पण बारीक तारेचा आणि उघडा, म्हणून हेवी रॉडची गरज पडत नाही.

इथे माझं एक स्पष्ट मत आहे. घरट्यावर बसलेला नर दिसत असताना त्याला मुद्दाम गळाला लावू नये. तो बाजूला गेला की ब्लूगिलसारखे छोटे मासे काही मिनिटांत अंड्यांवर तुटून पडतात. काही राज्यांनी यासाठी नियमच केले आहेत. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून या काळात पकडलेला बास ताबडतोब सोडावा लागतो.

तिसरा टप्पा अंड्यांनंतरचा. माद्या थकलेल्या असतात, पण त्याच सुमारास शॅड नावाचे चंदेरी मासे पहाटे काठालगत स्वतःची अंडी घालायला झुंडीनं येतात. ऊन वर येईपर्यंतचा तो तासभर पाण्याच्या पृष्ठभागावर नागमोडी चालणारी ल्यूर ओढा. बास खालून उसळून त्यावर येतो तेव्हा पाणी अक्षरशः फुटतं. गळ पुन्हा तीन काट्यांचे, रॉड पुन्हा वाकणारा. पाणी उडालं की लगेच हिसका द्यायचा मोह आवरा. माशाचं वजन हाताला लागू द्या.

हे सगळं महिन्यांत सांगितलं तर चुकतं. फ्लोरिडात जानेवारीतच घरटी दिसू लागतात, टेक्ससमध्ये मार्चला, आणि मिनेसोटात मे संपताना किंवा जूनमध्ये. म्हणून कॅलेंडरऐवजी थर्मामीटर बघावा. दोरी बांधून पाण्यात सोडायचा साधा थर्मामीटर महागड्या रॉडपेक्षा जास्त मासे मिळवून देतो.

उन्हाळा: पाण्याचे दोन मजले

उन्हाळ्यात खोल जलाशयाचं पाणी थरांत विभागलं जातं. वरचा थर गरम आणि हलका, खालचा गार आणि जड, आणि मधे एक पातळ पट्टा, जिथे तापमान एकदम घसरतं. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे खालच्या थरातला प्राणवायू हळूहळू संपत जातो. ‘ऊन आहे, मासा अगदी तळाला गेला असेल’ हा समज म्हणून अर्धाच खरा आहे. तो खोल जातो, पण त्या पट्ट्याच्या वरपर्यंतच. बोटीवरच्या ‘सोनार’ यंत्राच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या) पडद्यावर हा पट्टा अस्पष्ट धुरकट रेषेसारखा दिसतो. त्याखाली ल्यूर सोडण्यात अर्थ नाही.

यातून दोन वेगळ्या मोहिमा निघतात. पहिली खोल पाण्यातली, बुडालेल्या नदीपात्राच्या कडांवर. तिथे लांब चोचीचा ‘डीप क्रँकबेट’ चालतो. चोचीवर पाण्याचा दाब पडतो म्हणून ओढलं की तो खाली जातो, पंधरा-वीस फुटांपर्यंत. तो ओढताना हात भरून येतात. त्यासाठी साडेसात फुटी किंवा आणखी लांब, मॉडरेट, शक्यतो फायबरग्लास मिसळलेला रॉड आणि हळू गुंडाळणारं, पण जोराचं रीळ लागतं. दोरी दहा-बारा पौंडांची. जाड दोरीला पाण्याचा विरोध जास्त होतो आणि ल्यूर तितकं खोल जात नाही. क्रँकबेट नको असेल तर जड शिसं लावून मोठं रबरी गांडूळ तळावरून सरकवा. तिथे जाड एकेरी गळ येतो, म्हणून मीडियम हेवी, फास्ट रॉड.

दुसरी मोहीम सावलीची. काही बास सगळा उन्हाळा उथळ पाण्यातच काढतात, दाट पाणवनस्पतींच्या चटईखाली. त्यावर पोकळ रबरी बेडूक टाकायचा. हा बेडूक हातात घेऊन बघण्यासारखा असतो. मागे दोन जाड गळ, पण पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे गवतावरून घसरत येताना कुठे अडकत नाहीत. मासा चावला की पोकळ अंग चेपतं आणि गळ उघडे पडतात. चटई फाडून बास बेडूक घेतो तो आवाज ऐकला की अंगातली वीज हातात येते आणि माणूस तात्काळ हिसका देतो. पण माशानं बेडूक अजून नीट धरलेला नसतो. एक क्षण थांबायचं, दोरी सरकायला लागली की सगळा जोर लावायचा. मग मासा एकटा येत नाही, त्याच्याबरोबर किलोभर गवत येतं. सव्वासात फुटी हेवी रॉड आणि ५० ते ६५ पौंडांची विणलेली दोरी इथे लागते ती तीन पौंडांच्या माशासाठी नाही, त्या गवतासाठी. विणलेली दोरी ताणली जात नाही आणि गवताची देठं कापत येते.

पानगळ: शॅडच्या मागे

रात्री गार व्हायला लागल्या की वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं आणि उन्हाळ्यातले थर मोडतात. यालाच टर्नओव्हर म्हणतात. तळाचा कुजका गाळ वर येतो, पाणी काही दिवस गढूळ दिसतं, कधी वासही येतो. त्या दिवसांत मासेमारी मंद असते. नंतर मात्र प्राणवायू सगळीकडे पोहोचतो, मासा कुठेही असू शकतो, आणि शॅडच्या झुंडी ओढ्यांच्या आतल्या टोकांकडे सरकतात. बास त्यांच्या मागे.

म्हणून या ऋतूत एका जागी बसून राहू नये. भरभर पाणी पिंजून काढणारी ल्यूर लागतात: उथळ चालणारा चौकोनी चोचीचा क्रँकबेट, फिरत्या पात्यांचा स्पिनरबेट. शॅड जेवढे दिसतात, तेवढ्याच आकाराचं ल्यूर निवडा. रंगापेक्षा आकार इथे जास्त महत्त्वाचा आहे. क्रँकबेटला वसंतातलाच वाकणारा रॉड चालतो. स्पिनरबेटला एकेरी गळ, पण उघडा. त्याला मीडियम हेवी. पाण्यावर घिरट्या घालणारे पक्षी दिसले तर बोट तिकडे वळवा.

हिवाळा: थांबण्याचं काम

पाणी चार अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं, त्यामुळे गोठणाऱ्या थंडीतही तळाशी त्यामानानं उबदार पाणी राहतं. बास तिथे जवळजवळ हालचाल न करता पडून असतो. मुळीच खात नाही असं नाही, पण लांब धावत नाही. त्याच्या नाकासमोर काहीतरी टिकून राहायला हवं.

त्यासाठी ‘जर्कबेट’, पाण्यात ना वर येणारा ना बुडणारा लांबट नकली मासा. दोन हलके झटके द्यायचे आणि थांबायचं. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. कडाक्याच्या थंडीत शॅड गारठून मरायला लागतात, मधेच फडफडतात आणि तरंगत राहतात. हा ल्यूर तेच दाखवतो. झटके खालच्या दिशेनं द्यायचे असल्यानं रॉड साडेसहा-पावणेसात फुटी, मीडियम, म्हणजे टोक पाण्याला लागत नाही. दुसरा पर्याय अगदी छोट्या रबरी आमिषाचा, बारीक एकेरी गळावर, मीडियम लाइट स्पिनिंग रॉडनं, सहा-आठ पौंडांच्या फ्लुरोकार्बन दोरीवर, म्हणजे पाण्यात फारशी न दिसणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्यावर. हिवाळ्यात मासा ओढत नाही. दोरी नुसती जराशी जड वाटते. ते कळण्यासाठी हलका, संवेदनशील ग्राफाइट हवा. बर्फासारख्या पाण्यात बोटीवर असाल तर लाइफ जॅकेट अंगात असू द्या, पायाशी नको.

मग काय, दहा रॉड घ्यायचे?

नाही. बोटीवर दहा रॉड बांधून ठेवणारे स्पर्धक असतात, त्यांना दोरी बदलण्यात वेळ घालवायचा नसतो. काठावर उभ्या असलेल्या कुटुंबाला पहिला रॉड सात फुटी, मीडियम, फास्ट, स्पिनिंगचा पुरतो. तो हलकी रबरी आमिषं फेकतो, जर्कबेट चालवतो, छोटा क्रँकबेटही ओढतो. मुलांना शिकायला स्पिनिंग रीळ सोपं. वर्षभरानं आवड टिकली तर दुसरा सात फुटी मीडियम हेवी, फास्ट, बेटकास्टिंग रिळाचा, म्हणजे ज्याचं रीळ दांड्याच्या वर बसतं तो; गवत, झाडं, जाड गळ यांसाठी. तिसरा घ्यायचाच तर मॉडरेट, तीन काट्यांसाठी. चौथ्याची गरज ज्याला लागते त्याला हा लेख लागत नाही.

रंगांनी काही फरक पडतो का?

पडतो, पण दुकानातले शेकडो रंग बासला दिसत नाहीत. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथ बासला रंग ओळखायला शिकवून बघितलं. लाल आणि हिरवा तो चांगला ओळखतो. पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसंच गडद निळा आणि काळा यांत त्याची गल्लत होते. व्यवहारात एवढं पुरतं: स्वच्छ पाण्यात निसर्गाजवळचे रंग, गढूळ पाण्यात ठळक रंग, जास्त आवाज, जास्त थरथर.

खरं गांडूळ लावलं तर सोपं नाही का?

बऱ्याचदा सोपं आहे. कुरितांनी विक्रमी मासा जिवंत ब्लूगिल लावूनच पकडला होता. मुलांचा पहिला मासा गांडुळावर मिळाला तर त्यात काहीच गैर नाही. पण जिवंत आमिष मासा गिळतो, गळ घशात किंवा पोटात जातो आणि सोडलेला मासा जगण्याची शक्यता घटते. ल्यूर बहुतेक वेळा ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात रुततं. शिवाय एका जलाशयातून दुसऱ्यात जिवंत मासे नेणं अनेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि त्याला कारण आहे. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात सोडलेला हाच बास पुढे देशभर पसरला आणि तिथल्या मूळ माशांना नडला. आज तिथे तो आक्रमक परकी प्रजातींच्या यादीत आहे.

सोडून द्यायचा तर पकडायचा कशाला? आणि खायचा नाही का?

हा आपल्या घरांत हमखास येणारा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. बास खाता येतो; चवीला सौम्य, पांढऱ्या मांसाचा मासा आहे. त्याला मर्यादा मात्र आहेत. टेक्ससमध्ये साधारण नियम दिवसाला पाच आणि किमान १४ इंचांचा आहे, पण लेक फोर्कसारख्या जलाशयात १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक मासा सोडावाच लागतो, म्हणजे त्यांना आणखी मोठं व्हायला वाव मिळतो. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून अनेक जलाशयांसाठी आरोग्य खात्याच्या सूचना असतात. लहान मुलं आणि गरोदर बायकांच्या बाबतीत त्या नीट वाचाव्यात. खायचे तर छोटे, नियमात बसणारे ठेवा आणि मोठी मादी सोडा.

सोडण्याची प्रथा रूढ झाली ती १९७२ च्या सुमारास, स्पर्धांचे प्रवर्तक रे स्कॉट यांनी पकडलेले मासे जिवंत ठेवून परत सोडायला लावले तेव्हापासून. सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरा, नाहीतर अंगावरची बुळबुळीत संरक्षक साय निघून जाते. मोठ्या माशाला नुसतं जबड्यानं आडवं लोंबकळत धरू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. भर उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेव्हा फोटो झटपट काढा, किंवा फोटोचा नाद सोडूनच द्या. रॉड योग्य असला की मासा लवकर काठाला येतो, थकून मरत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

आणि परवाना. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा वेगळा असतो, ऑनलाइन मिळतो, लहान मुलांना लागत नाही. टेक्ससमध्ये ही सवलत १७ वर्षांखालच्यांना आहे. तिथल्या राज्य उद्यानांत काठावरून मासेमारी करायला मोठ्यांनाही परवाना लागत नाही, आणि बऱ्याच उद्यानांत रॉड उसना मिळतो. डॅलसकडच्यांनी अथेन्स गावातलं टेक्सस फ्रेशवॉटर फिशरीज सेंटर मुलांना दाखवावं. काचेपलीकडे जिवंत बास हातभर अंतरावरून बघता येतो. दुकानात पैसे घालण्याआधी उसना रॉड घेऊन एक सकाळ काठावर काढा, आणि जाताना खिशात थर्मामीटर ठेवा.